गोरेगावच्या नळाची बखर

ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली निघाले. साष्टी बेटाविषयी त्यात काय नाही? मिठागरे आहेत, ताडीची झाडे आहेत, भातशेती आहे, कान्हेरीच्या लेण्यांना तर पानेच्या पाने दिलेली आहेत. पण पहाडी गावच्या बाईला विहिरीवर घागर भरायला किती वेळ ताटकळावे लागे, हे त्यात शोधून सापडणार नाही. लिहिणाऱ्या साहेबाला ते समजले नसते असे नव्हे. ती नोंदण्याजोगी बाब आहे असे त्याच्या मनात आले नाही, एवढेच. त्याच्या मागून आलेल्या आमच्या देशी इतिहासकारांच्याही मनात ते फारसे आले नाही. राज्ये कशी गेली याचा जमाखर्च आपण पै-पैशाने ठेवला. नळ का गेला, हे मात्र शेजाऱ्याला विचारून गप्प बसलो.

वास्तविक नळ येतो आणि जातो यालाही इतिहास आहे, आणि तो जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा आहे. पहाटे साडेचारला मोरीतली तोटी सूं सूं करू लागते आणि घरातली बाई उशीवरून डोके उचलते, तेव्हा त्यात दैवाचा काही संबंध नसतो. कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी कागदावर केलेल्या सहीचा तो आवाज असतो. त्या सह्या कोणत्या, हे शोधू लागले म्हणजे मोठी मौज वाटते आणि थोडा संतापही येतो.

१८५४ साली मुंबई बेटावर पाण्याचा दुष्काळ पडला. विहिरी खरवडल्या गेल्या, तलावांचा तळ दिसू लागला. सरकारने गुरे शहराबाहेर माहीमकडे हलवली आणि आदल्याच वर्षी सुरू झालेल्या आगगाडीने व होड्यांनी बाहेरून पाणी आणून ओतले. योगायोग असा की, त्याच १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली आणि डॉ. जॉन स्नो या गृहस्थाने ती एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यामुळे पसरते आहे असे दाखवून पंपाचा दांडा काढून घ्यायला लावला. त्या काळच्या लंडनची अवस्था ऐकली तर आमच्या मंडळींना थोडा धीर येईल. तिथे पाणी खाजगी कंपन्यांच्या हाती होते, आणि पुष्कळ वस्त्यांत ते ठराविक तास येऊन बंद होत असे. म्हणजे पिंपे भरून ठेवण्याची विद्या ही काही आपलीच मिरास नाही. फरक इतकाच की, लंडनकरांनी पुढच्या पन्नास वर्षांत ती विद्या टाकून दिली. आम्ही ती जतन केली आहे.

मुंबईच्या दुष्काळातून निघाला तो विहारचा तलाव. हेन्री कॉनिबेअर नावाच्या इंजिनियरने योजना मांडली, १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६० साली साष्टीच्या डोंगरातले पाणी विलायतेहून आणलेल्या लोखंडी नळांतून शहरात पोचले. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले, तेव्हा या नवलाला जेमतेम तीन वर्षे झाली होती. पुढे १८७९ साली तुळशी, १८९० च्या सुमारास पवई, १८९२ साली तानसा. शहर वाढत गेले तसे पाण्याचे हात लांब लांब होत गेले.

आता वाचकांनी जरा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. विहारचा तलाव गोरेगाव स्टेशनापासून कावळ्याच्या वाटेने सहा-सात किलोमीटरांवर आहे. म्हणजे आमच्या उशाशीच. पण त्यातून निघालेले पाणी दक्षिणेला तोंड करून निघाले ते थेट मुंबई बेटावर जाऊन थांबले. वाटेत किंवा पाठीमागे जी गावे होती, त्यांच्याकडे वळून पाहण्याचे त्याला कारण नव्हते. गोरेगाव, पहाडी, आरे ही ठाणे जिल्ह्यातली खेडी; मुंबईच्या म्युनिसिपालिटीची हद्द माहीम-शीवपाशी संपत होती. तलाव ज्यांच्या रानात तो ज्यांच्या घशात गेला ती माणसे निराळी, या व्यवस्थेला कुणी अन्याय म्हटल्याचे ऐकिवात नाही. हद्द ही फार सोयीची वस्तू आहे. ती एकदा आखली की तिच्या पलीकडची तहान दिसेनाशी होते.

गोरेगावचा संसार मग विहिरीवरच चालला. विहिरीचे पाणी आयते नसले तरी त्याची वेळ आपल्या हातात होती, हा तिचा मोठा गुण. शिवाय सोवळ्याचा प्रश्न. नळाच्या तोटीत कातड्याचा वॉशर असतो, तेव्हा ते पाणी देवाला चालते की नाही यावर हिंदुस्थानातल्या अनेक शहरांत त्या काळी वाद झाले. गोरेगावला त्या वादात पडण्याची वेळ पुष्कळ वर्षे आली नाही. नळच नव्हता, तर वॉशर कुठला?

बाकीच्या सुधारणा मात्र एकामागून एक आल्या, आणि त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. १८६७ साली विरारहून मुंबईला जाणारी गाडी सुरू झाली. आमच्या स्टेशनाला तेव्हा पहाडी म्हणत. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. १९४३ साली फिल्मिस्तान स्टुडिओ निघाला. १९४९ साली आरे दूध वसाहत उभी राहिली आणि मुंबईतल्या गोठ्यांतल्या म्हशी गोरेगावच्या हिरव्या टेकड्यांवर राहायला आल्या. म्हणजे गोरेगावहून मुंबईला माणसे गेली, चित्रपट गेले, दूध गेले. दारा खुरोडी हे त्या दूध योजनेचे कर्तेपुरुष; त्यांना पुढे १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी घालून ते स्वस्त आणि पुरवठ्याचे करायचे, ही ‘टोन्ड’ दुधाची युक्ती त्यांची. युक्ती खरोखरच लोकोपयोगी होती, गरिबाच्या मुलाला तिच्यामुळे दूध मिळाले. तरीपण सरकारी दुधात घालायला पाणी आहे आणि आमच्या हंड्यात घालायला नाही, असा विचार एखाद्या गोरेगावकरणीच्या मनात आला असेल, तर तिला दोष देता येणार नाही.

१९५७ साली हद्द हलली. दहिसर आणि मुलुंडपर्यंतची उपनगरे बृहन्मुंबईत आली. गोरेगावची ग्रामपंचायत गेली आणि महापालिका आली. वैतरणेवरचे धरण, ज्याला महापालिकेचे नामांकित इंजिनियर मोडक यांचे नाव पुढे मिळाले, तेही त्याच सुमारास पुरे झाले होते. आता पाण्याला काय तोटा, असे लोकांना वाटणे साहजिक होते. पण कागदावर शहरात येणे एका दिवसाचे काम, आणि जमिनीखालून नळ येणे वर्षानुवर्षांचे. मधल्या काळात वस्ती थांबली नाही. गिरगाव-दादरच्या खोल्यांत न मावणारी कारकून मंडळी, गिरणी-कारखान्यांतले कामगार, फाळणीनंतर आलेली कुटुंबे उपनगरांकडे लोटली. १९६० च्या सुमारास हाउसिंग बोर्डाचे मोतीलाल नगर वसले. टेकड्यांच्या उतारांवर आणि खाडीच्या कडेने झोपड्या आल्या. नळकोंडाळ्यावर हंड्यांची रांग लागू लागली. हंडा ठेवून बाई घरी गेली तर हंड्याचा नंबर धरायचा की नाही, यावर भांडणे होऊ लागली. चपला, विटा, फुटकी बादली यांनाही रांगेत माणसाचा दर्जा मिळाला.

इथे या बखरीत एक नाव येते. मृणाल गोरे, पूर्वाश्रमीच्या मोहिले. जन्म १९२८. वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामात पडल्या. केशव गोरे, म्हणजे सगळ्यांचे बंडू गोरे, यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि दोघांनी गोरेगाव हे आपले कामाचे ठिकाण केले. ग्रामपंचायतीच्या काळापासून हे जोडपे गावच्या उठाठेवीत होते. १९५८ साली केशवराव गेले. घरात लहान मुलगी. तिशीतली ही बाई आता काय करणार, असा प्रश्न पुष्कळांना पडला असेल. १९६१ साली ती महापालिकेत निवडून गेली.

महापालिकेत जाऊन तिने काय बोलावे? त्या काळी मोठ्या माणसांच्या तोंडी मोठे विषय होते. पंचवार्षिक योजना होत्या, अलिप्ततावाद होता. मृणालताईंनी नळाचा विषय काढला. किती वाजता येतो, किती वेळ येतो, किती घरांत येतो, येत नाही तर का नाही. रिकामे हंडे आणि कळश्या घेऊन बायकांचे मोर्चे निघाले. मला वाटते, या मोर्चांतली खरी नवलाई घोषणांत नव्हती, हंड्यांत होती. रिकामा हंडा घरात असतो तेव्हा ती त्या घरची अडचण असते. बाईचा आळस, वेळेवर न उठण्याचा परिणाम, शेजारणीचा आडमुठेपणा, असे काहीही तिला म्हणता येते. तोच हंडा दोन-तीनशे जणींनी एकाच रस्त्यावरून नेला की साहेबाला त्याचे उत्तर द्यावे लागते. ज्या बाईला आजवर सासूने विचारले होते, ‘पाणी का नाही भरलं?’ तिने तोच प्रश्न अधिकाऱ्याला विचारला. एवढाच बदल, पण त्यासाठी पाऊणशे-शंभर वर्षे गेली.

लोकांनी त्यांना नाव दिले ‘पाणीवाली बाई’. पदव्या पुष्कळांना मिळतात, पण एखाद्या वस्तीने कौतुकाने ठेवलेले असे नाव विद्यापीठालाही देता येत नाही. पुढे १९७२ साली महागाईविरोधात बायकांची संयुक्त समिती झाली. तीत मृणालताई होत्या, अहिल्या रांगणेकर होत्या, तारा रेड्डी होत्या. लाटणी आणि थाळ्या घेऊन बायका रस्त्यावर आल्या. हंड्यामागून लाटणे आले ते काही उगीच नाही. स्वयंपाकघरातले सामान एकदा सार्वजनिक झाले की मग ते परत फडताळात जाऊन बसत नाही. आणीबाणीत मृणालताई भूमिगत झाल्या, नंतर तुरुंगात गेल्या, आणि १९७७ साली उत्तर मुंबईतून लोकसभेत निवडून आल्या. इंदिरा गांधी त्या निवडणुकीत हरल्या. तेव्हा गाजलेली घोषणा अजून जुन्या लोकांच्या तोंडी आहे: ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.’ मृणालताई २०१२ साली गेल्या. गोरेगावात केशव गोरे स्मारक आहे, मृणालताईंच्या नावाचा उड्डाणपूल आहे.

त्यांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या खटपटीने नळ घरात आला, हे खरे. पण तो चोवीस तासांसाठी आला नाही. मुंबईला आज सात तलावांतून रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. अप्पर वैतरणा आणि भातसा १९७० नंतर आले, मध्य वैतरणा २०१४ साली. ज्या विहार-तुळशीपासून ही गोष्ट सुरू झाली, त्यांचा वाटा आता शेकडा दोन-तीन इतकाच उरला आहे. पवईचे पाणी तर पिण्यालायक राहिले नाही. ते कारखान्यांना आणि आरे वसाहतीला गेले. एवढे पाणी असून वेळा का, असा प्रश्न माझे विद्यार्थी विचारतात. कारण शहराचे तुकडे पाडून एकेका तुकड्याला आळीपाळीने पाणी सोडण्याची रीत पडली आहे. रस्त्याखालच्या झडपा उघडायला आणि मिटायला महापालिकेची माणसे लांब लोखंडी चावी घेऊन फिरतात. वस्तीत त्यांना ‘चावीवाला’ म्हणतात. जमिनीत चावी घालून चार आटे फिरवणारा हा मनुष्य आमच्या भागातल्या हजारो बायकांची झोप ठरवतो. पण त्याच्यावर अजून कुणी कादंबरी लिहिलेली नाही, मीही नाही.

या आळीपाळीचा एक दोष असा की, पाणी बंद झाले की नळ रिकामा होतो. रिकाम्या नळाला बारीक भोक असले तर आजूबाजूची घाण आत ओढली जाते, आणि पुन्हा पाणी सुटले की पहिली बादली तिच्यासह घरात येते. पाण्याच्या आधी नळातली हवा बाहेर पडते. तोटी शिंकते, खोकते, एखाद्या दम्याच्या आजोबांसारखी घरघरते. ही हवा मीटरलाही फिरवते. म्हणजे आम्ही वाऱ्याचेही बिल भरतो.

दुसरा दोष घरगुती आहे आणि तो प्रत्येक इमारतीच्या पुराणात सापडेल. आमच्या इमारतीतला अध्याय असा. चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने नळ उघडून पाहिला, पाणी नव्हते. तोटी तशीच उघडी ठेवून मंडळी लग्नाला कर्जतला गेली. दुपारी पाणी सुटले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून आधी ठिबकले, मग धार लागली, मग पंख्याच्या पात्यांनी ते पाणी चारी भिंतींवर समप्रमाणात वाटले. कुलूप तोडायचे की नाही यावर जिन्यात तासभर सभा भरली. वर्षभर ज्या पाण्यासाठी माणसे एकमेकांची तोंडे पाहत नव्हती, तेच पाणी जिन्यावरून वाहत खाली फाटकापर्यंत गेले. सोसायटीच्या इतिवृत्तात या प्रसंगाला ‘किरकोळ गळती’ असे म्हटले आहे. सरकारी गॅझेटियर लिहिणारेच तेवढे अपुरे लिहितात असे नाही.

मग पंप. पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत येते, तिथून पंप ते गच्चीवर चढवतो, तिथून ते घरात उतरते. म्हणजे चारच मजले खाली असलेल्या पाण्याला आमच्याकडे यायला गच्चीची यात्रा घडते. पंप जळतो तो नेहमी सणाच्या आदल्या दिवशी. पंप दुरुस्त करणाऱ्या सद्गृहस्थाला फोन केला की तो म्हणतो, ‘निघालोच आहे.’ मराठी व्याकरणात या काळाला काय म्हणावे, हे मी इतकी वर्षे शिकवूनही मला सांगता येत नाही. तक्रार एका कार्यालयात नोंदवावी, तर तिचा क्रमांक मिळतो आणि दोन दिवसांनी ती निकाली निघाल्याचा संदेश मोबाइलवर येतो. नळ कोरडाच असतो. तक्रार तेवढी ओली न होता पार पडते.

हे सारे हसण्यावारी नेता येते, कारण आमच्या इमारतीला नळ आहे. शाळेतल्या हजेरीपटाकडे पाहिले की हसू ओसरते. पाण्याची वेळ सकाळची झाली की वस्तीतल्या मुली पहिल्या तासाला नसतात. त्यांचे भाऊ, त्याच घरातून निघालेले, वेळेवर बाकावर बसलेले असतात. कारण विचारले तर मुली खाली पाहून म्हणतात, ‘पाणी होतं, बाई.’ गणिताच्या बाईंना ते ऐकून ऐकून पाठ झाले आहे. गणिताचा पहिला तास बुडतो तो बुडतोच. परीक्षेच्या निकालात त्याचे कारण छापण्याची सोय नाही. माझ्या मते हा हजेरीपट हेच गोरेगावच्या पाण्याचे अस्सल दप्तर आहे. उद्या कुणी संशोधक निघालाच, तर त्याने महापालिकेच्या अहवालाआधी तो मागावा.

वस्तीत तरी नळ कुणाला मिळतो? झोपडी कोणत्या तारखेआधीची, यावर ते ठरत आले. ती तारीख कधी १ जानेवारी १९९५, नंतर १ जानेवारी २०००. तारखेच्या अलीकडच्या माणसाला तहान कायदेशीर, पलीकडच्याला बेकायदा. पाणी हक्क समितीने याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले की, झोपडी अनधिकृत असली तरी पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. महापालिकेने २००० नंतरच्या झोपड्यांसाठीही धोरण करावे. २०२२ साली ‘सर्वांसाठी पाणी’ असे धोरण जाहीर झाले. १८६० ची हद्द जमिनीवर आखलेली होती, ही दिनदर्शिकेवर आखलेली. जात एकच. आणि आरेच्या जंगलातल्या वारली पाड्यांची गोष्ट निराळीच: त्यांच्यातले काही विहारला इतके जवळ की तलावाचा वारा अंगाला लागावा, पण नळ त्यांच्यापर्यंत शेवटी पोचला.

ज्यांना नळ पुरत नाही ते टँकर मागवतात. टँकरात पाणी कुठले? पुष्कळदा विहिरीचे आणि कूपनलिकेचे. ज्या विहिरी आमच्या आज्यांनी नळाच्या आशेने सोडल्या, त्यांचेच भाऊबंद आता चाकांवर बसून पैसे घेऊन दारात येतात. एप्रिल २०२५ मध्ये भूजलाच्या परवान्यांवरून मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा मोठमोठ्या मनोऱ्यांतली मंडळी बादल्या घेऊन खाली उतरली. चार-पाच दिवसांत संप मिटला. त्या चार दिवसांत उंच इमारतींतल्या पुष्कळ लोकांना पाणी कुठून येते हा प्रश्न प्रथमच पडला असावा.

त्याचे उत्तर शहापूर तालुक्यात आहे. तानसा तिथे, भातसा तिथे. आमच्या मोरीतल्या तोटीत पहाटे जे सूं सूं वाजते, ते बव्हंशी त्याच बाजूच्या डोंगरातून निघालेले असते. त्या तालुक्यातल्या कित्येक गावांना आणि पाड्यांना दर उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. धरणाची भिंत दिसते, गोरेगावकडे जाणारे जाडजूड नळ दिसतात, आणि बायका डोक्यावर हंडा घेऊन विहिरीकडे निघालेल्या दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत कसाऱ्याच्या गाडीने कुणी गेले तर आसनगावच्या पुढे खिडकीतून पाहावे.